हाली सिक्क्याची नोट आणि वाशीमची सीमा

हैदराबाद संस्थानच्या नोटांची नोंद करताना मूल्य, स्वाक्षरी आणि नोटेची अवस्था एवढ्यावरच संग्राहकांचा भर बहुधा असतो. या नोंदी आवश्यक होत. पुरेशा मात्र नव्हेत.

१९१८ च्या कायद्यान्वये दहा व शंभर रुपयांच्या नोटा प्रथम निघाल्या. आरंभी वॉटरलो अँड सन्सकडे आणि पुढे नाशिकच्या मुद्रणालयात त्यांची छपाई झाली. उर्दूबरोबर मराठी, तेलुगू व कानडी भाषांतही त्यांवर मूल्य छापलेले असे. हा मजकूर केवळ शोभेचा मानणे म्हणजे प्रजेच्या भाषांचा एक राजमान्य पुरावा दृष्टीआड करणे होय.

वाशीमच्या संदर्भात ही उणीव अधिकच जाणवते. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. निजामाचे सार्वभौमत्व नावापुरते उरले. परिणामी वाशीमला इंग्रजी रुपया चाले, तर लगतच्या हिंगोलीकडे संस्थानचा. 'हाली' म्हणजे चालू आणि 'कलदार' म्हणजे यंत्रावर पाडलेला, असा हा भेद लोकभाषेनेही जपला. १९५० मध्ये भारतीय रुपया संस्थानात आला, तेव्हा सात हाली रुपयांस सहा भारतीय रुपये हा दर होता.

सबब वाशीमच्या जुन्या पेटीत मिळालेली हाली नोट स्थानिक चलनाची नव्हे, तर सीमेपलीकडील देवघेवीची खूण असू शकते. ती कोणत्या गावी, कोणत्या कागदपत्रांसह मिळाली हे न नोंदवता संग्रहात गेली, तर हा निष्कर्ष पडताळण्याचे साधनच नष्ट होते. प्राप्तिस्थान व मराठी मजकूर यांची नोंद म्हणूनच अनिवार्य मानावयास हवी.