‘कशिश’चा पडदा आणि मराठी ओढ

२ डिसेंबर १९९८ रोजी गोरेगावच्या सिनेमॅक्समध्ये ‘फायर’चा खेळ मोडतोड करून बंद पाडला गेला. चित्रपटाला सेन्सॉरचे रीतसर प्रमाणपत्र होते. त्याने काही अडले नाही. त्याच मुंबईत २०१०मध्ये ‘कशिश’ हा समलिंगी आणि पारलिंगी जीवनावरील चित्रपटांचा महोत्सव सुरू झाला, आणि तो सरळ चालत्या चित्रपटगृहात भरला. या बदलाचे श्रेय २००९च्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालाला दिले जाते. मला ते अर्धेच पटते. कारण डिसेंबर २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, तरी पुढच्याच वर्षी महोत्सव मरिन लाइन्सच्या ‘लिबर्टी’त गेला. १९४९मध्ये ‘अंदाज’ने उघडलेले, एका पडद्याचे, भपकेदार थिएटर! कायद्याच्या लेखी पुन्हा गुन्हेगार ठरलेली माणसे तिथे जाऊन बसली.

महोत्सवाची खरी अडचण वेगळी आहे. प्रमाणपत्र नसलेले चित्रपट दाखवण्यासाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाची सूट लागते आणि ती महोत्सवापुरतीच असते. टाळ्या घेतलेला चित्रपट पुढच्या शुक्रवारी त्याच पडद्यावर लावायचा तर पुन्हा सेन्सॉरचे दार. महोत्सवाचे संस्थापक श्रीधर रंगायन यांच्या ‘गुलाबी आईना’ला (२००३) तर सेन्सॉरने प्रमाणपत्रच नाकारले होते.

अशा बंद वर्तुळात चित्रपटांना एक साचा चिकटतो: घरच्यांपुढे कबुली, आकांत, शेवटी मिठी. जाणत्या प्रेक्षकाला तो सुखावतो, म्हणून त्याची सवयही लागते.

मराठीची वाट या साच्याबाहेरून गेलेली दिसते. तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मध्ये (१९८१) मित्राला जगू दिले गेले नाही, ‘उंबरठा’त (१९८२) दोन स्त्रियांचे नाते हा सुधारगृहाच्या कारभारातला पेच ठरला. रोहन कानवडे यांच्या ‘उ उषाचा’ (२०१९) या लघुपटात मात्र निरक्षर शेतमजूर बाईला शिक्षिकेविषयी ओढ वाटते आणि तिच्यातूनच अक्षराची भूक जागी होते. कबुली नाही, आकांत नाही. (‘कशिश’ला आपला शब्द ‘ओढ’च. महोत्सवाचा बोलव्यवहार मात्र मुख्यतः इंग्रजी-हिंदीत चालतो, आणि उषेसारखीला तो दूरचाच वाटेल.)

कानवडे यांच्याच ‘साबर बोंडं’ला २०२५मध्ये सनडान्सचे विश्वचित्रपट विभागातले परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी शहरातला आनंद गावी येतो आणि शेतकरी मित्र बाळ्या त्याला पुन्हा भेटतो. सुतकाचे निर्बंध, भावकीचे लग्नाबद्दलचे प्रश्न आणि दुपारची रिकामी शेते, एवढ्यावर प्रेमकथा उभी राहते. आईला मुलाचे सारे ठाऊक आहे. त्यामुळे साच्यातला कबुलीचा प्रसंग इथे आधीच होऊन गेलेला आहे, आणि दिग्दर्शकाला पुढचे, म्हणजे दोघांनी राहायचे कुठे आणि कसे, हे पाहायला उसंत मिळते. सप्टेंबरमध्ये हा चित्रपट प्रमाणपत्र घेऊन साध्या थिएटरांत लागला.