शर्मनची पॅटनशी गाठ पडत नाही

नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा सोबत एक मैत्रीण होती आणि मी गरजेपेक्षा जास्त बोलत होतो. 'वॉर थंडर' खेळायला लागून तेव्हा तीन वर्षं झाली होती. पाटी वाचायच्या आधीच मी एकेका रणगाड्याची कुंडली मांडत होतो. हा मटिल्डा, कातडं जाड पण चाल बैलगाडीची. हा चर्चिल. हा सेंच्युरियन, रस्त्यावर ताशी जेमतेम पस्तीस किलोमीटर. पॅटनपाशी आल्यावर तर मी हाताचा तिरका कोन करून दाखवला. समोरचा पत्रा असा मागे झुकवला की गोळ्याला जास्त पोलाद भेदावं लागतं, कधी कधी तो घसरूनच जातो, वगैरे. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "एवढा भारी होता, तर मग हा इथं कसा?"

"पासष्टच्या लढाईत हाती लागला," मी म्हणालो.

"कसा?"

मला पॅटनच्या पत्र्याची जाडी माहीत होती, तो कसा हरला हे माहीत नव्हतं. हा लेख त्या 'कसा'बद्दल आहे.

आधी खेळाबद्दल, कारण तुमच्यापैकी अनेकांनी बीजीएमआयच्या पलीकडे या भानगडीत पाऊल टाकलं नसेल. वॉर थंडर २०१२ मध्ये लोकांसाठी खुला झाला तेव्हा त्यात फक्त विमानं होती. रणगाडे आले २०१४ मध्ये, मग जहाजं, हेलिकॉप्टरं. सुरुवात दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासच्या यंत्रांपासून झाली आणि २०२२ च्या शेवटी एफ-१६ आणि मिग-२९ सुद्धा आले. दर काही महिन्यांनी अपडेट येतं आणि प्रत्येक अपडेटचं मुख्य आकर्षण एकच असतं, नवी वाहनं. हा खेळ गोष्टीवर चालत नाही, यादीवर चालतो. जुनी गाडी खेळून पॉइंट मिळवायचे, त्यातून पुढची गाडी उघडायची. घाई असेल तर पैसे मोजायचे.

या यादीत एखादी गाडी येते तेव्हा तिच्यावर होणारी मेहनत खरंच थक्क करणारी आहे. चिलखताचा प्रत्येक भाग वेगळ्या जाडीचा, वेगळ्या कोनाचा. आत दारूगोळा कुठे रचलाय, इंधनाची टाकी कुठे, चालक कुठे बसतो, हे सगळं मांडलेलं असतं. गोळा आत शिरला की नुसता 'हेल्थ बार' कमी होत नाही. कोणता तुकडा कुठे उडाला आणि कशाला लागला याचा हिशेब होतो. पेट्रोलवर चालणारा रणगाडा पेट घेतो म्हणजे काय, हे मला कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा या खेळानं जास्त चांगलं समजावलं. खेळाडूंचं या तपशिलावर इतकं प्रेम की २०२१ मध्ये ब्रिटनच्या चॅलेंजर २ रणगाड्याची प्रतिकृती चुकीची आहे हे सिद्ध करायला एकानं चक्क त्या रणगाड्याच्या गोपनीय माहितीपुस्तिकेतली पानं टाकली. कंपनीला ती काढून टाकावी लागली. वाद जिंकण्यासाठी लष्करी गुपित फोडणारी जमात आहे ही, आणि मी तिच्यातलाच एक आहे.

तर माझी तक्रार खेळ खोटा आहे अशी नाही. यंत्राच्या बाबतीत तो विलक्षण खरा आहे, आणि म्हणूनच युद्धाच्या बाबतीत तो किती खरा आहे हे विचारायचं आपण विसरतो.

मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर मी घरी येऊन शोधलं. सप्टेंबर १९६५, पंजाबातलं खेमकरण, जवळचं गाव असल उत्तर. पाकिस्तानच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनकडे अमेरिकेनं दिलेले पॅटन होते. समोर भारताच्या तीन रेजिमेंट होत्या. थर्ड कॅव्हलरीकडे सेंच्युरियन होते. एट्थ कॅव्हलरीकडे एएमएक्स-१३ हे हलके फ्रेंच रणगाडे. आणि डेक्कन हॉर्सकडे दुसऱ्या महायुद्धातले शर्मन. कागदावर पाहिलं तर यातला फक्त सेंच्युरियन पॅटनच्या तोडीचा. मग भारतीय सैन्यानं काय केलं? घोड्याच्या नालासारखी तिन्ही बाजूंनी मोर्चेबांधणी केली, उसाच्या उभ्या पिकात रणगाडे लपवले आणि शेतांत पाणी सोडलं. पॅटन चिखलात रुतले, वळायच्या प्रयत्नात बाजू उघडी पडली आणि जवळून, बाजूने मारलेल्या गोळ्यापुढे तो तिरका पत्रा कामाला आला नाही. फोर ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद जीपवर बसवलेली १०६ मिमीची तोफ घेऊन पॅटन टिपत राहिले, त्यातच गेले आणि त्यांना परमवीर चक्र मिळालं. भारतीय नोंदींनुसार पाकिस्तानचे ९७ रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले. हाती लागलेले भिखीविंडजवळ ओळीनं उभे केले, त्या जागेला लोक पॅटन नगर म्हणू लागले.

आता हीच लढाई वॉर थंडरमध्ये लढून बघा. लढता येणारच नाही.

कारण आहे 'बॅटल रेटिंग'. प्रत्येक वाहनाला एक अंक असतो. सामना जुळवताना तुमच्या अंकापेक्षा फार तर एकाने वरचं किंवा खालचं वाहन समोर येतं. हे अंक अपडेटागणिक थोडे हलतात, पण साधा शर्मन कायम खालच्या टप्प्यात असतो आणि पॅटन त्याच्या बराच वर. दोघांची गाठ पडत नाही. आणि हा अंक ठरतो कशावरून? वाहन कोणत्या साली बनलं यावरून नाही. खेळाडू ते घेऊन कशी कामगिरी करतात या आकडेवारीवरून. म्हणजे एखादी गाडी फार जिंकायला लागली की तिला वरच्या वर्गात ढकलायचं, हरत असेल तर खाली आणायचं.

खेळ म्हणून यात चूक काही नाही. कुस्तीतही वजनगट असतात. कुणी तीन तास मेहनत करून घेतलेला शर्मन पहिल्याच मिनिटाला पॅटनने उडवला तर तो गेम उडवून टाकेल. पण वजनगट लावल्यावर काय गळून पडतं ते बघा. युद्धात माणसं हाताला लागेल ते घेऊन लढतात. समोरचा वरच्या वर्गातला आहे म्हणून सामना रद्द होत नाही. डेक्कन हॉर्सच्या शिपायाला लॉबीत परत जायची सोय नव्हती. असल उत्तर ही लक्षात राहणारी लढाई झाली ती विषम जोडीमुळे, आणि ती विषमता भरून काढायला माणसांनी जे डोकं लावलं त्यामुळे. खेळ विषमता आधीच पुसून टाकतो, त्यामुळे डोकं लावायची ती जागाच उरत नाही. खेळात चिखल आहे, त्यात गाडी हळूही होते. पण तो चिखल आदल्या रात्री कुणीतरी ठरवून केलेला असू शकतो, ही शक्यता नाही.

दुसरी गोष्ट संख्येची. अमेरिकेनं युद्धकाळात सुमारे ५०,००० शर्मन बनवले. जर्मनीचा पहिला टायगर जेमतेम १,३५० आणि दुसरा त्याहून कमी, पाचशेच्या आत. युद्धाचा निकाल बऱ्याच अंशी या आकड्यांत आहे. यादीत मात्र टायगरला एक चौकट आणि शर्मनला एक चौकट. एकदा उघडला की टायगर कुणीही, कितीही वेळा चालवावा. त्याचा गिअरबॉक्स बिघडत नाही, पेट्रोल संपत नाही, सुटे भाग येणारी आगगाडी वाटेत बॉम्बखाली सापडत नाही. मग नवख्या पोरांना वाटतं की एवढं भारी यंत्र असूनही जर्मनी हरली म्हणजे नुसतं नशीब खोटं. मलाही सतराव्या वर्षी असंच वाटायचं, आणि हे वाटणं निरुपद्रवी नाही. त्या गाड्यांवरून नाझी चिन्ह काढून टाकलंय. त्यामागची कारणं मला समजतात आणि पटतातही. पण परिणाम असा होतो की प्रत्येक बोल्ट जागेवर असलेला एक देखणा रणगाडा उरतो आणि तो कुणासाठी, कशासाठी लढत होता हे कुठेच उरत नाही.

बनवणाऱ्यांना खऱ्या-खोट्याची चाड नाही असंही म्हणता येत नाही. पँथर २ आणि १०५ मिमीच्या तोफेचा दुसरा टायगर ही वाहनं पूर्वी यादीत होती. तशी ती प्रत्यक्षात कधी उभीच राहिली नव्हती, म्हणून २०१९ मध्ये नव्या खेळाडूंसाठी ती बंद केली. मला ते आवडलं होतं. पण यातून 'ऐतिहासिक' या शब्दाचा त्यांचा अर्थ कळतो. यंत्र खरोखर बनलं होतं का, एवढाच तो प्रश्न आहे. म्हणूनच १८८ टनांचा माउस या कसोटीला उतरतो. त्याचे दोनच नमुने बनले, पण बनले ना!

आणि देश? यादी देशांनुसार आहे. सेंच्युरियन ब्रिटनच्या शाखेत आहे, स्वीडनच्या आणि इस्रायलच्याही. भारताला स्वतःची शाखा नाही. भारताचा टी-९० 'भीष्म' ब्रिटनच्या शाखेत सापडतो. आवडीत ज्याच्यावरून आपला 'विजयंत' बनला तो व्हिकर्सही तिथेच. यावरून चिडणारे भारतीय खेळाडू मी पाहिलेत. मला स्वतःला झेंड्याचा तेवढा राग येत नाही. उद्या तिरंग्याखाली वीस गाड्या आल्या तरी माझा प्रश्न तसाच राहील, कारण त्या वीस गाड्याही वीस चौकटीच असतील.

आता शेवटचा मुद्दा, जो मला सगळ्यात जास्त टोचतो. रणगाडा पेटला, तोफ निकामी झाली किंवा फक्त कंटाळा आला तरी खेळात 'जे' ही कळ थोडा वेळ दाबून धरायची. तुम्ही गाडी सोडता, समोरच्याच्या खात्यात एक बळी जमा होतो आणि तुम्ही दुसरी गाडी घेऊन परत येता. आत बसलेली माणसं लागलेल्या माराप्रमाणे पिवळी, नारिंगी, लाल आणि शेवटी काळी होतात. पुढच्या सामन्यात तीच माणसं ताजीतवानी हजर. मी ही कळ शेकडो वेळा दाबली असेल.

१६ डिसेंबर १९७१, बसंतरची लढाई. पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, जन्म पुण्याचा, शिक्षण खडकवासल्याच्या एनडीएत, वय २१. त्यांच्या सेंच्युरियनचं नाव होतं फामागुस्ता. समोर पुन्हा पॅटनच. म्हणजे ही जोडी खेळाच्या हिशेबातही बसणारी. रणगाडा पेटला, सोडून द्यायचा आदेश आला, त्यांनी रेडिओवर नकार दिला, कारण तोफ अजून चालत होती. ते लढत राहिले आणि पुढच्या एका माऱ्यात गेले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्यांचा चालक आणि तोफची जिवंत परतले. फामागुस्ता पुढे नगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जपून ठेवला गेला.

सेंच्युरियनच्या चिलखताचा, तोफेचा, इंजिनचा हरेक आकडा खेळात आहे. पण जिथे गाडी सोडायला काहीच किंमत पडत नाही, तिथे ती न सोडण्यालाही काही अर्थ उरत नाही. हे एखाद्या अपडेटने दुरुस्त होणारं नाही हे मला कळतं. मरणाची किंमत लावली तर तो खेळ राहणार नाही, आणि राहूही नये. पण असल उत्तरसारखी एखादी लढाई तिच्या विषम जोडीसकट खेळायला देता येईल. कुणी तरी एका बाजूने शर्मन घ्यायचा, हरायची तयारी ठेवायची आणि आदल्या रात्री शेत भिजवायचं. किंवा गाडीच्या माहितीपत्रात तोफ, वेग आणि चिलखतासोबत चौथी ओळ घालता येईल, ही गाडी कुठे आणि कशामुळे हरली. त्याला नवं इंजिन लागत नाही.

तोवर मी खेळणं सोडणार नाही, उगाच खोटं कशाला बोलू. परवा पॅटन घेऊन खेळत होतो. एका सेंच्युरियननं बाजूने मारला, इंजिन पेटलं आणि बोट आपोआप त्या कळेवर गेलं. दाबलीच मी. दुसरी गाडी यायला काही सेकंद लागतात, तेवढ्यात मैत्रिणीला मेसेज केला, "नगरला परत जाऊया. या वेळी मी पाट्या वाचेन."