पिझो प्रीॲम्प : चार्ज ॲम्प्लिफायरचा आग्रह कितपत योग्य?

पिझो संवेदकांवरील टिपणांत एक विधान हमखास आढळते : केबलच्या धारितेमुळे सिग्नल घटतो, म्हणून चार्ज ॲम्प्लिफायर वापरावा. विधान खरे आहे, पण अर्धे.

वॉल्टर किस्टलर यांनी 1950 मध्ये या मंडलाचे पेटंट घेतले. क्वार्ट्झ संवेदकाची धारिता काही दहा पिकोफॅरड असते, तर मीटरभर समाक्ष केबलचीच सुमारे 100 पिकोफॅरड. केबल बदलली की व्होल्टेज बदलणार, मापन चुकणार. चार्ज ॲम्प्लिफायरचे आउटपुट मात्र विद्युतभार भागिले फीडबॅक धारिता एवढेच असते. केबल त्यात येत नाही.

गोंगाटाच्या समीकरणात मात्र ती येते, आणि हा भाग बहुतेक टिपणे गाळतात. ऑप-ॲम्पचा स्वतःचा गोंगाट 1 + (संवेदक + केबल) / फीडबॅक इतक्या पटीने वाढतो. सिग्नल-गोंगाट गुणोत्तर काढून पाहा : साध्या बफरपेक्षा ते सुधारत नाही. अंशांकन टिकते, एवढाच लाभ. कंपन मोजायचे असेल तर तो मोठा आहे; गिटार वाजवायची असेल तर आवाजाचे बटण थोडे फिरवले की झाले.

लाल किल्ल्यासमोरच्या लाजपत राय मार्केटसारख्या बाजारातून प्रकल्पासाठी पितळी चकती आणली, तर तिची धारिता 20 नॅनोफॅरडच्या आसपास भरते. तीन मीटर केबलने सिग्नल जेमतेम दीड टक्का घटतो. तिथे चार्ज ॲम्प्लिफायरचा हट्ट कशाला?

खरी चूक बहुधा इनपुट रोधात असते. याच चकतीला 10 किलोओहम लावले की सुमारे 800 हर्ट्झखालचा आवाज घटू लागतो. गिटारच्या ब्रिजखालची पट्टी 1 नॅनोफॅरडची धरली, तर 1 मेगाओहमही अपुरा : केबलसह कटऑफ 122 हर्ट्झ, आणि जाड तार 82 हर्ट्झची. 10 मेगाओहम घ्यावा. पण मग 741 चालणार नाही. त्याचा 80 नॅनोॲम्पिअर बायस प्रवाह त्या रोधावर 0.8 व्होल्ट पाडतो. टीएल072 चा 65 पिकोॲम्पिअर प्रवाह एक मिलिव्होल्टही नाही.

आणि सोल्डरिंगनंतर बोर्डावरचा फ्लक्स धुवावा. दिल्लीच्या पावसाळी दमट हवेत त्या थरातून गळती होते, आणि लावलेला 10 मेगाओहम प्रत्यक्षात तेवढा उरत नाही.