कपाटातली सुरी

गेल्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत माझं सिनेमांचं कपाट आवरायचं काम भाचीनं अंगावर घेतलं. वरच्या खणात व्हीएचएस कॅसेटी, मधल्यात डीव्हीडी, खालच्यात ब्लू-रे. मधल्या खणातला एक गठ्ठा हातात घेऊन ती जमिनीवरच बसली आणि मागचे मजकूर वाचू लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "मामा, यातल्या किती सिनेमांत बाई मारली जाते?"

"जवळजवळ सगळ्याच."

"आणि तू ते विकत आणून घरात ठेवतोस?"

तिच्या आवाजात राग नव्हता, कुतूहल होतं. म्हणूनच उत्तर देणं जड गेलं. "अभिजात आहेत ते," असं काहीतरी मी पुटपुटलो. अभिजात हा शब्द अशा वेळी फार सोयीचा असतो, कारण त्यानंतर सहसा कोणी काही विचारत नाही. तिनं विचारलं. "कशावरून?"

त्या प्रश्नावर वर्षभर विचार केला, तो खण पुन्हा पहिल्यापासून पाहिला, आणि त्यातले काही सिनेमे ठेवावेत, एक काढावा, असा निर्णय झाला. घरच्या संग्रहात हा प्रकार ठेवायचा तर कोणत्या कसोटीवर, हे त्यानिमित्तानं मांडतो आहे.

आधी प्रकाराची ओळख. इंग्रजीत याला स्लॅशर म्हणतात. तोच शब्द इथे ठेवतो. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथांवर वाढलेल्या मराठी वाचकाला भय म्हणजे बहुधा अमानवी, अज्ञात असं काही वाटतं. स्लॅशरमधलं भय सहसा हाडामांसाच्या माणसाचं. एक बंदिस्त जागा, त्यात काही तरुण मुलंमुली, हातात धारदार हत्यार घेतलेला एक मारेकरी, एकामागून एक खून आणि शेवटी वाचणारी एक मुलगी. आपल्याकडे हा प्रकार हसत हसत शिरला. १९८८ सालच्या 'चाइल्ड्स प्ले'मध्ये मरणारा खुनी मंत्र म्हणून बाहुल्यात शिरतो. महेश कोठारे यांनी १९९३ साली 'झपाटलेला'मध्ये त्याचा तात्या विंचू केला. त्या बाहुल्याला घाबरलेली मुलं आज चाळिशीत आहेत, पण आपण स्लॅशरचंच एक भावंड पाहिलं हे त्यांतल्या बहुतेकांच्या गावीही नाही.

या प्रकारावरचा सगळ्यात जुना आक्षेप माझ्या भाचीचाच आहे. १९८० साली जीन सिस्केल आणि रॉजर ईबर्ट या दोन अमेरिकी समीक्षकांनी आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचा एक पूर्ण भाग या लाटेच्या निषेधासाठी दिला. हे सिनेमे प्रेक्षकाला खुन्याच्या डोळ्यांमागे उभं करतात आणि बाईला भक्ष्य करतात, हे त्यांचं म्हणणं. मात्र त्याच भागात त्यांनी 'हॅलोविन' वेगळा काढला आणि त्याची बाजू घेतली. सात वर्षांनी कॅरल क्लोव्हर यांनी याच प्रकारावर एक गाजलेला निबंध लिहिला. बाई मूळच्या मध्ययुगीन स्कँडिनेव्हियन साहित्याच्या अभ्यासक. शेवटी वाचणाऱ्या मुलीला त्यांनी जे नाव दिलं, त्याचा मराठी अर्थ 'अखेरची मुलगी'. प्रेक्षागृहातला तरुण पुरुष सुरुवातीला खुन्याच्या नजरेतून पाहत असला, तरी सिनेमा संपेपर्यंत तो त्या मुलीच्या जिवाशी बांधला जातो, हा त्यांच्या मांडणीचा गाभा.

माझी कसोटी या दोन्ही मतांच्या मधून निघते. किती रक्त सांडलं, किती बायका मेल्या, ही मोजणी पुरेशी नाही. कॅमेरा कोणाचा डोळा होतो, तसं केल्याची किंमत तो प्रेक्षकाकडून वसूल करतो का, आणि शेवटी पाहण्याचा अधिकार कोणाकडे जातो, हे तीन प्रश्न विचारावेत.

त्यामुळे संग्रहात पहिला यावा तो मायकेल पॉवेल यांचा 'पीपिंग टॉम' (१९६०). नायक स्टुडिओत कॅमेऱ्यावर काम करणारा तरुण. त्याच्या तिकाटण्याच्या एका पायात पातं दडवलेलं आहे आणि कॅमेऱ्याला आरसा लावलेला आहे, म्हणजे मरणाऱ्या बाईला स्वतःचीच भेदरलेली मुद्रा दिसावी आणि ती भीती त्याला चित्रित करता यावी. लहानपणी बापानं त्याच्या भीतीचेच प्रयोग करून ते चित्रित केले होते. त्या बापाची भूमिका पॉवेल यांनी स्वतः केली आणि मुलाच्या जागी स्वतःच्याच मुलाला उभं केलं. दिग्दर्शक इथे स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात घालतो. या तरुणाला खऱ्या अर्थानं ओळखते ती खालच्या मजल्यावरची आंधळी बाई. 'द रेड शूज'सारखा सिनेमा देणाऱ्या या दिग्दर्शकावर ब्रिटिश समीक्षक असे तुटून पडले की त्याची कारकीर्द मोडल्यातच जमा झाली. पुढे मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या खटपटीमुळे या सिनेमाला पुन्हा प्रेक्षक मिळाले.

त्यानंतर काही महिन्यांतच आलेला हिचकॉक यांचा 'सायको' सर्वांना ठाऊक आहे, निदान न्हाणीघरातला प्रसंग तरी. तो चित्रित करायला सात दिवस लागले. खुनाचा भाग जेमतेम पाऊण मिनिटाचा, रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप, आणि सुरी शरीरात शिरताना जवळजवळ दिसतच नाही. बर्नार्ड हरमन यांची किंचाळणारी व्हायोलिनं आणि कापाकापीचं संकलन उरलेलं काम आपल्याकडून करून घेतात. पण माझ्या मते सिनेमातली सगळ्यात भयंकर जागा त्याच्या नंतरची आहे. नॉर्मन न्हाणीघर धुऊन काढतो, प्रेत गाडीत घालतो, गाडी दलदलीत ढकलतो. गाडी बुडता बुडता मध्येच थांबते. त्या क्षणी आपल्या मनात येतं, 'बुडू दे गं बाई एकदाची!' अर्ध्या तासापूर्वी जिच्यासाठी जीव टांगणीला लागला होता, तिचं प्रेत नाहीसं व्हावं म्हणून आपण श्वास रोखून बसलेलो असतो. वर म्हटलेली किंमत ती हीच.

तिसरा, टोबी हूपर यांचा 'द टेक्सस चेन सॉ मॅसकर' (१९७४). नावच असं की घरात कोणी विचारलं तर डबी उलटी ठेवावी. ब्रिटनमध्ये १९९९पर्यंत त्याला सेन्सॉरनं दाद दिली नाही, आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं मात्र तो जतन केला. नाट्यशास्त्र भयानक आणि बीभत्स यांना वेगळं ठेवतं: एकाचा स्थायीभाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. या सिनेमाची ख्याती बीभत्साची, घडण मात्र भयानकाची. आकड्याला टांगलेल्या मुलीच्या अंगात आकडा घुसताना दिसत नाही. खाली ठेवलेलं घमेलं दिसतं आणि किंकाळी ऐकू येते. जेवणाच्या टेबलाच्या प्रसंगात कॅमेरा सॅलीच्या डोळ्यांच्या इतका जवळ जातो की बुबुळावरच्या लाल शिरा मोजाव्यात. तिथे तिच्याकडे पाहणं संपतं, आपण तिच्या बाजूनं पाहू लागतो. पण याच सिनेमात दुसरी मुलगी घराकडे चालत जाते तेव्हा कॅमेरा तिच्या पाठीमागून, अगदी खालून सरपटत जातो. छायाचित्रणाचे अभ्यासक त्या चित्रचौकटीची वाखाणणी करतात. मीही करत असे. भाचीबरोबर पाहताना माझी जीभ उचलली नाही.

चौथा, बॉब क्लार्क यांचा कॅनडातला 'ब्लॅक ख्रिसमस' (१९७४), 'हॅलोविन'च्या चार वर्षं आधीचा. नाताळच्या सुट्टीत मुलींच्या वसतिगृहात घाणेरडे फोन येत असतात. फोन करणारा माळ्यावरच आहे, हे आपल्याला पहिल्या काही मिनिटांपासून माहीत असतं. पोलिसांना कळायला सिनेमा सरावा लागतो. स्लॅशरमध्ये शय्यासोबत करणारी मुलगी मरते आणि शुचिर्भूत मुलगी वाचते, हा नियम आता पाठच झाला आहे. या सिनेमातली जेस गरोदर आहे, तिनं गर्भपाताचा निर्णय घेतला आहे, आणि प्रियकराच्या त्राग्यापुढे ती नमत नाही. अमेरिकेत गर्भपाताला घटनात्मक संरक्षण मिळून जेमतेम वर्ष उलटलं होतं, त्या काळातली ही नायिका. सिनेमा तिला कुठेही शिक्षा करत नाही. तिच्याभोवतीचे पुरुष तिचं ऐकत नाहीत हीच त्यातली खरी भीती आहे. खुन्याचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही. दाराच्या फटीतून एक डोळा तेवढा दिसतो.

पाचवा अर्थातच जॉन कारपेंटर यांचा 'हॅलोविन' (१९७८). सुमारे तीन लाख डॉलरमध्ये केलेला. खुन्याचा मुखवटा म्हणजे 'स्टार ट्रेक'च्या कॅप्टन कर्कचा स्वस्तातला मुखवटा, पांढरा रंगवलेला. संगीत दिग्दर्शकाचं स्वतःचं, पाच मात्रांचं, त्यामुळे कान सतत सहाव्या मात्रेची वाट पाहत राहतो. सुरुवातीचा दीर्घ प्रसंग आपण खुन्याच्या डोळ्यांनी पाहतो आणि मग मुखवटा उतरतो: समोर सहा वर्षांचा मुलगा, हातात सुरी. त्या प्रसंगात सुरी उचलणारे हात सहलेखिका आणि निर्माती डेब्रा हिल यांचे आहेत. एवढं झाल्यावर कॅमेरा ती जागा सोडतो. पुढे लॉरी वर्गाच्या खिडकीतून त्याला पाहते, कुंपणाच्या झाडीशी पाहते. मैत्रिणींना तो दिसत नाही, तिला दिसतो. लॉरी वाचते ती पाहते म्हणून. ही भूमिका करणारी जेमी ली कर्टिस 'सायको'तल्या जॅनेट ली यांची मुलगी, हा योगायोग नसून निवड होती. आई ज्या नजरेला बळी पडली, त्या नजरेला मुलगी नजर देते.

इथे संग्राहकानं एक व्यवहाराची गोष्ट लक्षात घ्यावी. 'हॅलोविन' रुंद पडद्यासाठी, २.३५ला १ या प्रमाणात चित्रित झाला. मी तो पहिल्यांदा भाड्याच्या कॅसेटवर पाहिला तेव्हा जुन्या टीव्हीच्या चौकोनात बसवण्यासाठी दोन्ही कडा कापलेल्या होत्या. म्हणजे चाळीस टक्क्यांहून अधिक चित्र गेलेलं. कारपेंटर खुन्याला चौकटीच्या कडेला उभा करतात, आणि कडाच नसेल तर लॉरीची नजर कशाला अडखळते हेच कळत नाही. तेव्हा मला तो सामान्य वाटला होता. म्हणून डबीवर मूळ प्रमाण आहे का ते पाहूनच घ्यावं. नुसतं चित्र स्वच्छ असून भागत नाही.

काढून टाकला तो 'फ्रायडे द थर्टीन्थ' (१९८०). 'हॅलोविन'च्या यशावर डोळा ठेवून तो निघाला आणि भरपूर चालला. टॉम सविनी यांच्या रंगभूषेचं कसब नाकारण्यात अर्थ नाही. पण इथे कॅमेरा खुन्याचा डोळा होतो तो निव्वळ खुन्याची ओळख लपवायला. ती शेवटी एका मृत मुलाची आई निघते, आणि त्याआधी तिची आपल्याशी भेटही झालेली नसते. त्यामुळे पाहणाऱ्याला कुठेच चटका बसत नाही. पुढचा मुडदा कसा पडेल एवढीच उत्सुकता उरते. भाचीचा आक्षेप या सिनेमाला पुरेपूर लागू पडतो.

शेवटचे दोन वेस क्रेव्हन यांचे. 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट' (१९८४)मध्ये खुनी स्वप्नात येतो. डोळा लागला की मरण. आईबापांनी आपलं जुनं कृत्य दडवून ठेवलेलं असतं आणि त्याची फेड मुलांना करावी लागते. नॅन्सी मात्र जागी राहते आणि घरभर सापळे लावते. 'स्क्रीम' (१९९६)मधली मुलं या सगळ्या कॅसेटी पाहून वाढलेली आहेत. त्यात एक जण सोफ्यावर बसून टीव्हीवर 'हॅलोविन' पाहतो आणि "मागे बघ, मागे बघ" असं पडद्यावरच्या मुलीला ओरडून सांगतो. त्याच वेळी खुनी त्याच्या स्वतःच्या मागे उभा असतो. घरच्या संग्रहाबद्दल याहून नेमकं कोणी काही बोललेलं मला माहीत नाही.

असे हे सात. यंदाच्या उन्हाळ्यात भाची आली तेव्हा आम्ही त्यातले तीन पाहिले. 'ब्लॅक ख्रिसमस' संपला, पडद्यावर नावं सरकत होती आणि त्या घरातला फोन वाजतच होता. कोणीही उचलत नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हा ठेव. पण मेल्या त्या मुलींपैकी एकीचं तरी नाव तुझ्या लक्षात आहे का?"

जेसचं नाव मी चटकन सांगितलं. ती तर मेली नव्हती. जिचं प्रेत माळ्यावरच्या झुलत्या खुर्चीत सिनेमाभर बसून असतं आणि जिला शेवटपर्यंत कोणी शोधून काढत नाही, त्या क्लेअरचं नाव आठवायला मला डबी उलटून पाहावी लागली. माझी कसोटी पाहणाऱ्या मुलीला न्याय देते. जिला कोणी पाहिलंच नाही तिच्याबद्दल ती काही बोलत नाही. हे सात सिनेमे कपाटात आहेत, आणि हा प्रश्नही आता त्यांच्याच खणात आहे.