छायाचित्रातली पैठणी

पैठणीची छायाचित्रे हल्ली विपुल निघतात, आणि देखणीही असतात. पण त्यांत पैठणी फार थोडी असते. धूपछाव पैठणीत उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. नेसणारी वळली की रंग पालटतो. आमचे छायाचित्रकार ती सपाट पसरून समोरून टिपतात, आणि तो खेळच संपवतात. पदराची उलट बाजू सुलटीइतकीच स्वच्छ, ही येवल्याच्या विणकराची खरी करामत. तिचे तर दर्शनही नाही. १८६६ साली फोर्ब्स वॉटसनने हिंदी कापडांचे ७०० नमुने १८ खंडांत लावले. हेतू विलायती गिरण्यांच्या सोयीचा. तरी कापड हाताला लागले पाहिजे, हे त्याने ओळखले होते. कॅमेऱ्याला स्पर्श नाही, कबूल. पण उजेड तिरका घेऊन पदराचे एक टोक उलटायला काय हरकत होती?