छापील चित्रातील हंस : ‘हंस-दमयंती’ची एक चिकित्सा

विदेशी पक्ष्यांच्या जुन्या छापील चित्रांची चर्चा बहुधा जॉन गूल्ड यांच्यापासून सुरू होते. हिमालयातील पक्ष्यांवरील त्यांचा शिळाछाप ग्रंथ 1830 ते 1832 या काळात लंडनला निघाला. त्यातील पक्षी एलिझाबेथ गूल्ड यांनी वाळवलेल्या कातड्यांवरून शिळेवर रेखाटले. ते इंग्रजांच्या दिवाणखान्यात शिरले ते परके म्हणूनच. महाराष्ट्रात मात्र एक परका पक्षी भिंतीवर चढला तो ‘हंस’ या आपल्या नावाने.

राजा रविवर्मा यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा वापरून तेथे तैलचित्रासारखे भासणारे छाप निघत. त्यांतील ‘हंस-दमयंती’ विशेष लोकप्रिय ठरले. चित्रातील पांढराशुभ्र, लांब वळणदार मानेचा पक्षी युरोपीय उद्यानांतील ‘स्वान’ जातीचा आहे. हा पक्षी भारतात फक्त वायव्येकडे, तोही क्वचितच, येतो. महाभारतातील नलोपाख्यानाचे हंस सुवर्णभूषित आहेत. शुभ्र हंस हा संस्कृत काव्याचा रूढ संकेत असल्याने केवळ रंगाबद्दल चित्रकाराला दोष देता येत नाही. प्रश्न आकाराचा, म्हणजेच जातीचा आहे.

डच विद्वान फोगेल यांनी भारतीय साहित्य व कलेतील हंसावरील, 1962 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हा पक्षी ‘स्वान’ नसून ‘गूज’, विशेषतः पट्टकादंब, असल्याचे प्रतिपादन केले. लॅथम यांनी या पक्ष्याला 1790 मध्येच ‘इंडिकस’ हे नाव दिले होते. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा पक्षी तिबेट-लडाखच्या सरोवरांवर वीण घालतो आणि हिवाळ्यात थव्याने दक्षिणेकडे येतो. हंस मानससरोवराला जातो, हा कविसंकेत त्यामुळे निव्वळ कल्पनाविलास उरत नाही. कोरेगावला लागून असलेल्या खटाव तालुक्यातील येरळवाडीच्या जलाशयावरही पट्टकादंबाची नोंद आहे.

छापाने नेमके हेच तोडले. रघुनाथ पंडितांच्या ‘नलदमयंती स्वयंवरा’तील हंस नलाच्या हाती सापडतो तेव्हा मागे राहिलेल्या वृद्ध मातेसाठी आणि पिलांसाठी विलाप करतो. कथाभाग संस्कृतातून आला असला, तरी त्यातील कारुण्य घरट्याची ओढ असलेल्या, थव्यातून तुटलेल्या पक्ष्याचे आहे. चित्रातील हंस एकटा, निश्चिंत, जवळजवळ शोभेचा. दमयंतीच्या मुद्रेतील उत्कंठा रविवर्मा यांनी समर्थपणे टिपली, हे मान्य करावेच लागते. पक्ष्याला मात्र तिच्या महालातील सजावटीपलीकडे जागा मिळाली नाही. मराठीच्या वर्गात हे काव्य शिकवताना बहुधा हाच छाप विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर असतो, आणि विलाप करणारा पक्षी त्यांना आलंकारिक वाटू लागतो. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातील हंसजातकाचे चित्र त्याच तासाला दाखवले, तर रघुनाथ पंडितांचा हंस निराळा वाचता येईल.