कळवण : गॅझेटिअर आणि डांग

कळवण तालुक्याबद्दल मराठीत जे लेखन झाले आहे ते साधारण तीन वाटांनी गेलेले दिसते. एक वाट सप्तशृंगी गडाची : देवीचे माहात्म्य, मार्कंडेय ऋषींची कथा, यात्रा. दुसरी किल्ल्यांची : सातमाळा रांगेवरचे मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, कण्हेरगड आणि त्यांच्याभोवतीच्या लढाया. तिसरी वाट गॅझेटिअरची. पहिल्या दोन वाटांवरचे लेखकही आकडा किंवा सनावळी लागली की मुकाट्याने तिसऱ्या वाटेला येतात. म्हणून तपासायचे असेल तर गॅझेटिअरच तपासले पाहिजे असे मला वाटते.

हा ग्रंथ म्हणजे जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सोळावा खंड. नाशिक जिल्ह्याचा हा खंड १८८३ साली निघाला. त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. नद्या, पीकपाणी, बाजार, देवळे, जाती, सारा हे सगळे इतक्या शिस्तीने एका ठिकाणी त्याआधी कोणी मांडलेले नव्हते. जिल्ह्याचे ‘डांग’ आणि ‘देश’ असे दोन भाग आहेत हे स्थानिक लोकांचे भान त्याने नोंदवले, हेही खरे. कळवणात हे दोन्ही भाग एकाच तालुक्यात सापडतात. पूर्वेला गिरणाकाठची काळी जमीन, बंधारे, पाट, आणि आज कांदा व डाळिंब. अभोणा, कनाशी ओलांडून सुरगाण्याच्या दिशेने जावे तसा डांग सुरू होतो : उतारावरची वरकस जमीन, नागली, वरई आणि भात.

प्रश्न ग्रंथाच्या क्रमाचा आहे. तालुक्याच्या वर्णनात आधी सीमा येते, मग हवा, पाणी, माती, साऱ्याची आकारणी, गुरे, पिके. आणि शेवटी लोक, तेही शिरगणतीतल्या जातवार आकड्यांच्या रूपात. हा क्रम लहरीने पडलेला नाही. साऱ्याच्या कामावर फिरणाऱ्या अधिकाऱ्याला ज्या क्रमाने माहिती लागते, तोच हा क्रम. त्याच्या दृष्टीने पाटाखालचा देश म्हणजे खात्रीचे उत्पन्न. डांगात माणूस आज या उतारावर पेरतो, दोन-चार वर्षांनी तो उतार पडीक टाकतो आणि राब भाजायला रानातल्या फांद्या आणतो. अशा शेतीला साऱ्याच्या वहीत नीट रकाना नाही. ज्याला रकाना नाही ते वर्णनात अस्थिर आणि मागासलेले ठरते.

यात काळाचा संदर्भ महत्त्वाचा आहे. भारतीय वन कायदा १८७८चा. गॅझेटिअर त्यानंतर पाच वर्षांनी छापले गेले. म्हणजे राखीव जंगलाच्या हद्दी ज्या काळात आखल्या जात होत्या, त्याच काळात हे वर्णन तयार झाले. एका हाताने हद्द आखायची आणि दुसऱ्या हाताने त्या हद्दीच्या आतल्या शेतीचे वर्णन करायचे, अशा वेळी ते वर्णन तटस्थ राहणे अवघड असते. कॅम्बेल यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण त्यांना माहिती पुरवणारे खाते त्या जमिनीवरच्या वादातले एक पक्षकार होते, एवढे तरी वाचकाने लक्षात ठेवायला हवे.

भूगोलाच्या बाबतीतही असेच झाले. कळवण, बागलाण हा मुलूख १८६९ साली खानदेशातून काढून नव्या नाशिक जिल्ह्यात घातला गेला. तेव्हापासून लिहिणारे कळवणकडे नाशिकच्या बाजूने पाहतात. पाण्याला मात्र हे मान्य नाही. सातमाळा ही गोदावरी आणि तापी यांच्या खोऱ्यांमधली पाणलोट रेषा आहे. तिच्या उत्तरेला पडलेला पाऊस गिरणेतून मालेगाव, जळगावकडे जाऊन तापीला मिळतो. देशावरच्या गावांची अहिराणीही त्याच दिशेची. १६३८पर्यंत मुल्हेरच्या बागुल राजांचा अंमलही याच खोऱ्यातला. त्यांच्या घराण्यावरचे ‘राष्ट्रौढवंश महाकाव्य’ रुद्रकवीने १५९६ साली संस्कृतात रचले. जिल्हा प्रशासनाने ठरवला म्हणून इतिहासाची दिशाही तीच मानण्याची गरज नाही.

स्वातंत्र्यानंतर, १९७५ साली, महाराष्ट्र शासनाने नाशिकचे सुधारित गॅझेटिअर काढले. त्यात धरणे, रस्ते, सहकारी संस्था, शाळा यांची भर पडली, आणि ती आवश्यकच होती. पण पाहणाऱ्याची जागा फारशी हलली नाही. चणकापूरचे उदाहरण घेऊ. गिरणेवरचे हे धरण १९११चे. सिंचनाच्या इतिहासात ते नेहमी येते, आणि त्याच्या आवर्तनाची वाट अजूनही खाली मालेगावपर्यंत पाहिली जाते. १९३०च्या जंगल सत्याग्रहात बिळाशी, संगमनेर, चिरनेर, पुसद यांच्याबरोबर कळवणचे नाव येते आणि ते शालेय पुस्तकातही पोचले आहे. मात्र तिथे ते यादीतले एक नाव म्हणूनच राहते. त्या वर्षी रानात कोण गेले, कोणत्या गावांतून गेले, गवत-लाकडाचा कोणता जाच असह्य झाला होता, हे सांगणारे सविस्तर पुस्तक तालुक्याच्या वाचकाच्या हाती नाही. धरणाला कागदपत्रांची सोबत होती. सत्याग्रहींची सोबत आठवणींना होती, आणि आठवणी कोणी लिहून घेतल्या नाहीत.

आठवणींवर इतिहास रचता येतो का, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. कोकणा समाजाची मूळकथाच पाहा. दुर्गादेवीच्या दुष्काळात आपले पूर्वज कोकणातून घाट चढून आले असे ती सांगते. तिला जशीच्या तशी सनावळीत बसवता येणार नाही. पण नागलीला कणसरी म्हणून पुजणे, वाघबारशीला वाघदेवाचा मान, मार्गशीर्षातला डोंगऱ्यादेव आणि त्यात रात्र-रात्र वाजणारी पावरी यांकडे निव्वळ लोककलेचा नमुना म्हणून पाहणे अपुरे आहे. कोणता डोंगर कोणत्या गावांचा, कोणत्या सीमेवर कोणता देव, हे ज्ञान त्यांत साठवलेले आहे. तो एका अर्थाने हद्दीचा दाखलाच आहे, मात्र मोजणी खात्याने न केलेला.

हा भेद आता केवळ अभ्यासकांचा राहिलेला नाही. वनहक्क कायदा २००६ साली झाला. त्याखाली आदिवासी शेतकऱ्याला १३ डिसेंबर २००५पूर्वीपासून जमीन आपल्या ताब्यात आहे हे दाखवावे लागते, आणि किमान दोन पुरावे द्यावे लागतात. कोणते पुरावे चालतील हे २००८च्या नियमांतल्या तेराव्या नियमात दिले आहे. त्या यादीत गॅझेटिअर आहे, शिरगणती आहे, नकाशे आहेत. त्याच यादीत शेताचे बांध, विहिरी, दफनभूमी, देवस्थाने, वंशावळ, चालीरीतींची नोंद आणि वडीलधाऱ्यांचा लेखी उतरवलेला जबाबही आहे. मार्च २०१८मध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या शेतकऱ्यांत सुरगाणा, कळवण भागातले आदिवासी मोठ्या संख्येने होते आणि वनजमिनीचा हक्क ही त्यांची प्रमुख मागणी होती. आमच्या लेखी वाङ्मयप्रकार असलेले गॅझेटिअर त्यांच्या लेखी पुराव्याचा कागद आहे. त्यात आपल्या शेतीची नोंद कशी झाली किंवा झालीच नाही, यावर कोणाचे तरी दोन एकर अवलंबून असू शकतात.

नियमाने म्हातारीचा जबाब आणि गॅझेटिअर एकाच यादीत ठेवले. स्थानिक इतिहास लिहिणाऱ्यांनी अजून तसे केलेले नाही. आपल्याकडे तालुक्याचा इतिहास निघतो तेव्हा मुखपृष्ठावर गड असतो, आत किल्ले, मग मान्यवरांचे फोटो, आणि ‘आदिवासी जीवन’ हे प्रकरण शेवटच्या पानांत. क्रम १८८३चाच. माझे म्हणणे एवढेच, की पुढचे पुस्तक उलट्या टोकाने सुरू व्हावे. आधी डांगातली गावे, त्यांचे देव, पाणवठे, राबाच्या जागा, १९३०च्या घरोघरच्या आठवणी; मग पाट, धरण आणि कांदा; आणि गॅझेटिअरचे उतारे जागोजागी या नोंदींशी ताडून घेतलेले. गड आणि किल्ले त्यात आपोआप येतील.

यासाठी मोठ्या संस्थेची वाट पाहायला नको. कळवणच्या महाविद्यालयात शिकणारी अनेक मुले-मुली याच गावांतून येतात, आणि घरची बोली त्यांना दुभाष्याशिवाय कळते. १९३० प्रत्यक्ष पाहिलेली पिढी गेली. ज्यांनी ते आईबापांच्या तोंडून ऐकले ते आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्या नोंदी घ्यायच्या असतील तर याच काही वर्षांत घ्याव्या लागतील.